दीड हाताची जागा

तात्या, तुमच्या घराची मागची भिंत कोरडी कशी राहते ते मला परवा कळलं. पाच-सहा वर्षं मी तुम्हाला तेच विचारत होतो. कळलं तेव्हा तुम्ही नव्हता. काकींनी दाखवलं, तेही तुमचं तेरावं आटोपल्यावर, गोठ्यातली वैरण बाजूला सारून.

वाडीतल्या गुरुजींचं पत्र मला सांगलीत मिळालं तेव्हा ते लिहून आठ दिवस झाले होते. आत मला लिहिलेल्या तीनच ओळी होत्या. शिदूतात्या तापाने गेले. शाळेच्या आखणीच्या खुंट्या तुम्ही ठोकल्या तिथेच आहेत. दसऱ्यानंतर पाया खणायचा आहे, तरी एकदा येऊन जावे. पहिली ओळ वाचून मी बसलो आणि दुसरी वाचून उठलो. त्या खुंट्यांवरूनच आपलं भांडण झालं होतं आणि ते मिटवायचं राहून गेलं होतं.

भांडण काय होतं ते वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. वाडीच्या वरच्या अंगाला दोन खोल्यांची शाळा व्हायची आहे, अर्धी उघड्यावर आणि अर्धी डोंगरात रुतलेली. नकाशा माझा. मागची भिंत डोंगराला टेकवून बांधायची असं माझं म्हणणं, टेकवायची नाही असं तुमचं. त्या भिंतीला पाठ लावून वाडीतली पोरं बसणार. पाण्याने भिंत फुगली तर ती पोरांच्या अंगावर येणार, हे तुम्ही मला दोनदा सांगितलंत. दोन्ही वेळा मी तुम्हाला नकाशा दाखवला.

आपली ओळख झाली ती लढाईच्या दिवसांत. मी मुंबईला इमारतींचे नकाशे काढायला शिकत होतो, शेवटची दोन वर्षं राहिली होती. परीक्षेला विषय आला, डोंगरउतारावरची इमारत, जागा ज्याची त्याने शोधायची. साताऱ्यात माझे मामा राहत होते, म्हणून मी परळी खोरं धरलं. मी पडलो सांगलीचा. आमच्याकडे डोंगर म्हणजे लांबवर दिसणारी निळी रेघ, तिच्यावर कधी पाय ठेवायची वेळ येत नाही. तेव्हा उतार मोजायचा कसा इथपासूनच माझी तयारी होती. एक वेळूची काठी आडवी धरायची, तिच्या टोकाला ओळंबा सोडायचा, जमीन किती खाली गेली ते लिहायचं आणि एक काठी पुढे सरकायचं. असं करत मी सकाळभर उतार उतरत होतो आणि वाडीतली माणसं बांधावर बसून मला बघत होती.

तेव्हा साताऱ्याच्या डोंगरात कागद-पेन्सिल घेऊन हिंडणारा शहरी माणूस एक तर पोलिसांचा असायचा, नाहीतर पोलीस ज्यांच्या मागावर होते त्या भूमिगतांचा. हे मला माहीत होतं, पण परीक्षेच्या नादात मी ते विसरलो होतो. तुम्ही खाली ताल रचत होता. उतारावरची माती धरून ठेवायला दगडावर दगड ठेवून केलेली भिंत, तिला चुना नाही की काही नाही, हे मी पहिल्यांदाच जवळून बघत होतो. बघत उभा राहिलो तर तुम्ही म्हणालात, "आवं, नुसतं बघताय काय, जरा हात द्या की." आणि एक दगड माझ्या हातात ठेवलात.

"कुठल्या अंगाने बसवू?" मी विचारलं.

"त्येलाच इचारा."

मी खरोखरच त्या दगडाला उलटासुलटा करत बसलो. शेवटी त्याची सपाट, देखणी बाजू बाहेर येईल असा ठेवला. तुम्ही तो काढलात आणि लांबट टोक डोंगरात घालून पुन्हा बसवलात. "त्वांड दाखवायला दगुड ठेवायचा नसतो. शेपूट आत ग्येली पायजे." मग बांधावरच्या लोकांकडे वळून म्हणालात, "ह्यो पोलिसाचा न्हाई रं. पोलिसाच्या मानसाला येवडा येळ नसतो."

त्या दिवशी दुपारी मी तुमच्याकडे जेवलो आणि तुमचं घर बघून माझी परीक्षा मी विसरलो. मी कागदावर जे काढायला निघालो होतो ते तुम्ही तरुणपणीच बांधून टाकलं होतं. डोंगर खोदून त्यात घर बसवलेलं, छपराचा उतार डोंगराच्या उताराला जुळवून घेतलेला, इतका की वरून येणाऱ्याला खाली घर आहे हे धुरावरूनच कळावं. चैत्राचं ऊन असूनही आत गारवा होता. मी मागच्या भिंतीला हात लावला. कोरडी. नाक लावलं. ओलीचा वासही नाही.

मग मी मोजमापाला लागलो. आतून लांबी-रुंदी मोजली. बाहेरून मोजायला गेलो तर एका अंगाला गोठा आणि दुसऱ्या अंगाला डोंगराची दरड, मागे तर डोंगरच. मागच्या भिंतीची जाडी काही हाती लागेना. म्हणून आत येऊन बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून बघितली, एकदा, दोनदा, आणि तेवढ्यात तुम्ही अंगणातून बैलावर असे काही ओरडलात की मी दचकून हात मागे घेतला. बैल बिचारा बसून रवंथ करत होता. मी ते वहीत लिहिलं नाही, पण विसरलोही नाही.

भिंतीत वरच्या बाजूला तीन भोकं होती, मूठ जाईल एवढी. त्यांतून गार वारा यायचा. डोंगरातून वारा कसा येतो, असं मी विचारलं तर तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "डोंगुर दम घेतो." मी ते वहीत लिहून घेतलं. तारीख घालून. अजून आहे ती वही माझ्याकडे.

"पण भिंत कोरडी कशी राहते, तात्या?"

"पावसाचं या. मग दावतो."

पावसाळ्यात माझं कॉलेज असायचं. मी उन्हाळ्यात यायचो, दिवाळीत यायचो, एकदा पौषात आलो. प्रत्येक वेळी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. मला वाटायचं तुम्ही चेष्टा करताय. मग वाटायला लागलं तुम्हालाही नक्की माहीत नसावं.

माझा पहिला नकाशा तुम्हाला दाखवला तो दिवस आठवतो का? कागद तुम्ही घोंगडीवर पसरलात, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेत आणि बोट फिरवत बसलात. नकाशा वाचायला तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण इमारत सुरीने उभी कापल्यासारखी दाखवणारा जो छेद असतो, तो तुम्हाला लगेच उमगला. "ही खालची जिमीन. ह्यो डोंगुर. ह्ये काय?"

"जोतं."

"कंबरंयेवडं? कशापायी?"

"पूर आला तर..." मी म्हणालो आणि तोंडातून शब्द गेल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. तुम्ही हसलात, काकी चुलीपुढून उठून आल्या, त्यांना सांगितलंत, त्या हसल्या. डोंगराच्या निम्म्या उंचीवर मी कृष्णेच्या पुराची तजवीज केली होती. तेव्हापासून मी तुमचा सांगलीकर झालो, माझं नाव तुम्ही कधी घेतलंच नाहीत.

जोतं मी खोडलं. मागची भिंत मात्र खोडली नाही, कारण ती माझ्या मते बरोबर होती. तुम्हाला तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं, आता सांगतो. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत. जमिनीत आडासारखा खोल खड्डा, तोंड लहान आणि पोट मोठं. त्यात हळद भरायची आणि तोंड दगड-मातीने लिंपून टाकायचं. नदी हाकेच्या अंतरावर, तरी आतली हळद वर्षानुवर्षं खडखडीत. माझे वडील हळदीच्या अडतीवर कामाला, माझं लहानपण त्या पेवांच्या तोंडाशी खेळण्यात गेलं. जमिनीच्या पोटात सगळं कोरडं राहतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढून पुराची धास्ती आणि मागून पेवाचा भरवसा, असा माझा नकाशा होता. सांगलीचा माणूस डोंगरात घर बांधायला गेला की दुसरं काय करणार?

तुम्हाला मात्र पेवाचं खरं वाटेना. "हळद जिमिनीत? आन् भिजत न्हाई?" तीन दिवस तुम्ही त्याच गोष्टीवर होता. चौथ्या दिवशी म्हणालात, "चला, दावा."

तात्या, त्या सांगलीच्या दोन दिवसांसाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे. माझ्या ओळखीत इतक्या लांबवर निव्वळ एक खड्डा बघायला आलेला माणूस दुसरा नाही. वडिलांना एक पेव उघडायचं होतं, ते त्यांनी तुमच्यासाठी दोन दिवस थांबवून ठेवलं. पेवाचं तोंड उघडल्याबरोबर आत उतरायचं नसतं, कोंडलेल्या हवेने माणूस दगावतो. ते उघडं ठेवायचं, मग दोरीने कंदील आत सोडून बघायचा, विझला तर आणखी थांबायचं. कंदील दोनदा विझला. हमाल कंटाळून झाडाखाली जाऊन पडले. तुम्ही तोंडाशी उकिडवे बसून राहिलात आणि वडिलांना विचारत होता, रिकाम्या पेवातबी इझतो का, हळद नसंल तर येगळं हुतंय का. वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं. पुढे ते मला म्हणाले, इतकी वर्षं मी इथे आहे, मला हे विचारायचं सुचलं नाही.

तिसऱ्यांदा कंदील जळत राहिला आणि तुम्ही उतरलात. खूप वेळ वर आला नाहीत. मी वाकून बघितलं तर तुम्ही भिंतीची माती नखाने खरवडून जिभेवर ठेवत होता. वर आलात ते नखशिखांत पिवळे होऊन. आईने तुमचं धोतर तीनदा धुतलं, रंग गेला नाही. वाडीत परतल्यावर नवरदेव आला म्हणून लोकांनी तुम्हाला महिनाभर छळलं.

त्या संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसून तुम्ही जे बोललात ते मी ऐकलं, पण घेतलं नाही. "ही माती पानी घेतच न्हाई. आमचा डोंगुर घेतो. पिऊन बसतो आन् म्हैन्यानं सोडतो. तुमी तुमची माती डोस्क्यात घिऊन आमच्या डोंगरात घर बांधाय निगालाय." मी म्हणालो, डोंगर म्हणजे दगड, दगड काय पाणी पिणार? तुम्ही नदीकडे बघत बसलात.

परीक्षेला प्रतिकृती करायची होती. तुमच्या अंगणात काकींच्या परातीत मी मातीचा डोंगर केला, त्यात चिखलाच्या भिंतींची इवली शाळा बसवली, ढलप्यांचं छप्पर घातलं. फार सुरेख झाली होती. तुम्ही तांब्या आणलात आणि डोंगराच्या माथ्यावर हळूहळू पाणी सोडलंत. काही झालं नाही. शाळा जशीच्या तशी उभी. मी म्हणालो, "बघा." तुम्ही म्हणालात, "चला जेवाय." जेवून हात धुवायला बाहेर आलो तर मागची भिंत आत वाकली होती आणि वर्गात चिखल आला होता.

"आपुन जेवत हुतो तवा पानी चालत हुतं," तुम्ही म्हणालात.

मला राग आला. मी म्हणालो ही माती आहे, खरी भिंत सिमेंटची असेल, तिला पाठीमागून डांबर असेल. लढाईमुळे सिमेंट परवान्याशिवाय मिळत नव्हतं, पण कागदावर मी हवं तेवढं वापरत होतो. तुम्ही परातीतला चिखल पुन्हा एकजीव करत म्हणालात, "भिंतीचं ऱ्हाऊ द्या, सांगलीकर. तिच्या मागं कोन जानार त्ये सांगा."

"मागे डोंगर आहे. तिथे कोण कशाला जाईल?"

तुम्ही परात धुऊन काकींना दिलीत. विषय तिथेच थांबला.

परीक्षकांना माझा नकाशा आवडला. जमिनीतून उगवल्यासारखी इमारत आहे म्हणाले. छपराचा उतार, पुढचा ओटा, वरून घेतलेला उजेड, याची वाखाणणी झाली, आणि हे तिन्ही मी तुमच्या घरातून उचललेलं होतं. एकाने मागच्या भिंतीचं विचारलं. मी डांबर म्हणालो. त्याने मान हलवली. मी पहिल्या वर्गात पास झालो. तुमचं नाव मी कुठे घेतलं नाही. घ्यावं असं सुचलंच नाही, हे जास्त वाईट.

मग स्वराज्य आलं, मी सांगलीत येऊन कामाला लागलो, आणि यंदाच्या वैशाखात वाडीने ठरवलं की शाळा बांधायची. गुरुजींना माझा जुना नकाशा आठवला. मला झालेला आनंद तुम्ही बघितलात. दोन दिवस मी दोरी धरून खुंट्या ठोकत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मागच्या ओळीतली प्रत्येक खुंटी डोंगरापासून दरीकडे सरकलेली. कुणी सरकवली हे विचारायची गरज नव्हती, तुम्ही तिथेच दगडावर बसला होता. मी त्या उपटून पुन्हा जागेवर ठोकल्या. चौथ्या दिवशी पुन्हा सरकलेल्या. सगळ्या सारख्या, दीड हात.

मी तुमच्या घरी आलो तो भांडायलाच. "तुमच्या स्वतःच्या घराची भिंत डोंगराला टेकलेली चालते आणि माझी चालत नाही, हा कुठला न्याय?"

तुम्ही काकींकडे बघितलंत. काकींनी तुमच्याकडे. मग तुम्ही म्हणालात, "पावसाचं या. मग सांगतो."

"पावसाळ्यात मला कामं असतात," मी म्हणालो. काकींनी चहा टाकला होता, तो न घेता उठलो. जाताना खुंट्या माझ्या जागेवर ठोकल्या आणि गुरुजींना बजावून सांगितलं, आता कुणाला हात लावू देऊ नका.

हे माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं. मी दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगून ते सौम्य करणार नाही.

मी आलो तेव्हा पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, भाद्रपदातलं लख्ख ऊन होतं. पाहुणे पांगले होते. तुमचा मुलगा पलटणीतून आला होता, तोही सुटी संपून गेला होता. काकी आणि मी आत बसलो.  मी सवयीने मागच्या भिंतीला पाठ टेकली. कोरडी. आणि मग ऐकू आलं. भिंतीच्या पलीकडून, अगदी कानाशी, पाणी चाललं होतं. धो धो नाही. परसातल्या पाटाला पाणी सोडल्यावर येतो तेवढाच आवाज.

मी काकींकडे बघितलं. त्या उठल्या आणि गोठ्यात गेल्या. कोपऱ्यातल्या वैरणीच्या पेंढ्या त्यांनी एकेक करून बाजूला केल्या. मागे एक फळी होती. फळीमागे अंधार आणि गार वारा.

"ह्यो बगा त्येंचा बोळ," काकी म्हणाल्या.

तात्या, तुमची भिंत डोंगराला टेकलेली नव्हतीच. छप्पर तेवढं डोंगरावर टेकलेलं. भिंत निराळी उभी, आणि तिच्या पाठीमागे डोंगराला धरून दगडाची ताल. दोन्हींच्या मध्ये घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बोळ. मी आत शिरायला गेलो आणि खांद्यात अडकलो. काकी मागून म्हणाल्या, "आडवं व्हा. त्येंच्या मापाचा हाय त्यो." आडवा होऊन सरकत गेलो. तालीच्या दगडांमधून पाणी ठिबकत होतं, कुठे धार लागली होती, आणि खाली दगडी पन्हळीतून ते सगळं गोठ्याबाहेरच्या, गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीकडे चाललं होतं. उन्हाळ्यात मी त्या कोरड्या डोणीत बसून नकाशे काढले होते. घराच्या अंगाची भिंत हाताला सुकी लागत होती. वर ती तीन भोकं दिसत होती, त्यांतून घरातला उजेड येत होता. तालीवर माझ्या छातीच्या उंचीला दगड गुळगुळीत झाले होते, एका पट्ट्यात, टोकापर्यंत. तुमच्या खांद्याची उंची ती. दर वैशाखात तुम्ही सरळ चालत यातून जात होता, गाळ आणि मुळं उपसत होता, आणि तुमच्या खांद्याने घासून घासून दगडाला तकाकी आली होती. मी हात ठेवून तिथे उभा राहिलो आणि मला रडू आलं. आडवं उभं राहून रडता येत नाही धड, डोळे पुसायला हात वर जात नाही.

बाहेर आल्यावर मी काकींना विचारलं, इतकी वर्षं मला का सांगितलं नाही.

"आवं, तवा आत मानसं असायची," काकी म्हणाल्या. "पोलीस हुडकत हुते ती. वाडीनं ठरीवलं हुतं, बोळाचं नाव कुनाम्होरं काडायचं न्हाई. म्या भाकरी त्या भोकातनं द्यायची. तुमी भिंतीवर टकटक केली न्हवं? तवाबी एक हुता. बिचारा दम धरून बसला."

मला तुमचा तो बैल आठवला. काकींनाही आठवला असावा, कारण त्या दिवसात पहिल्यांदाच त्या हसल्या.

"पण स्वराज्य आल्यावर तरी?"

"म्याबी तेच म्हनलं. तर म्हनले, सांगून त्येला पटत न्हाई, त्येला पावसाचा येऊ दे, डोळ्यानं बघंल. दर सालाला वाट बघायचे. यंदा लय वाटत हुतं त्यास्नी, म्हनायचे खुंट्या बघायला तरी यील." मग त्या म्हणाल्या, "तापातबी इचारलं, आला का म्हनून."

 कामं होती म्हणून आलो नाही, हे खरं नाही. मी हट्टाने आलो नाही. तुम्ही सांगितल्यावर यायचं म्हणजे हरायचं, असं मला वाटत होतं. तुम्ही तिकडे मला काही दाखवायला आतुर होता आणि मी इकडे हरजीत मोजत बसलो होतो. तात्या, हे तुम्ही मला माफ करा असं म्हणत नाही, तुम्ही रागावलाच नव्हता हे मला माहीत आहे. तेच जास्त लागतं.

सांजेला मी एकटाच शाळेच्या जागेवर गेलो. माझ्या मागच्या ओळीतल्या खुंट्या ओल्या चिखलात तिरक्या झाल्या होत्या, दोन तर नुसत्या हाताने निघाल्या. भोक पडलं त्यात पाणी वर आलं. दोन दिवस पाऊस नव्हता. डोंगर त्याचं पाणी सावकाश सोडत होता, तुम्ही घाटावर सांगितलं होतं तसं. तुम्ही खुंट्या ठोकल्या होत्या ती जागा हुडकायला मला वेळ लागला नाही. तिथली माती पायाखाली घट्ट होती.

मी सगळ्या खुंट्या काढल्या आणि डोंगरापासून दोन हातांवर ठोकल्या. तुमच्यापेक्षा अर्धा हात जास्त. यात मी तुमच्याशी पुन्हा वाद घालतोय असं समजू नका. तुमचा बोळ तुमच्या एकट्याच्या खांद्यांवर मापून केलेला, आणि तुम्ही गेल्यावर त्यात सरळ जाईल असं वाडीत कुणी राहिलं नाही. शाळेचा बोळ कुणालाही जाता येईल एवढा हवा. गुरुजी अंगाने कसे आहेत ते तुम्हाला माहीतच आहे.

काल सांगलीला परत येऊन नवा छेद काढायला घेतला. भिंत डोंगरापासून सुटी झाली, वर तीन भोकं आली, पन्हळ आली. डांबर खोडलं. मग खोल्यांची नावं लिहायला लागलो, वर्ग, ओटा, गुरुजींची खोली, आणि त्या दोन हातांच्या जागेशी येऊन पेन्सिल थांबली. तिच्या मागं कोन जानार त्ये सांगा. इतक्या वर्षांनी मला तुमचा प्रश्न कळला होता. भिंत एकदा बांधून होते, पण तिच्यामागे दर वर्षी कुणाला तरी जावं लागतं, आणि ते माणूस नकाशात दाखवायची काही खूण आम्हाला शिकवलेली नाही. मी ती जागा तशीच कोरी ठेवली आहे.

काकींचीही तीच विवंचना होती. निघताना वैरण पुन्हा लावून घेताना म्हणाल्या, "पोरगा पलटनीत. वैशाखात ह्यो बोळ कोन उपसनार?"

मी येतो म्हणालो. वैशाखात आता दोन बोळ उपसायचे असतील. तुमचा आधी उपसेन, आडवा होऊन, मग शाळेचा. आणि पावसाळ्यात येईन.